लाल बल्ब चालू असताना

मंडळी, तुम्ही सगळे आलात. मला बोलता येईल की नाही ठाऊक नाही, पण आज गप्प बसणं जमणार नाही. मी नितीन, घाटकोपरचा. मंगेश ऑडिओबुकांना आवाज द्यायचा, मी रेकॉर्ड करायचो. सहा वर्षं.

खारदांड्यातल्या त्याच्या घरातली ती मागची खोली. अंधेरीचे स्टुडिओवाले हसायचे तिला. त्यातले दोघं-तिघं इथे समोर बसलेत, बसा. भिंतीला आधी अंड्यांचे ट्रे चिकटवले, ती अक्कल माझी. उपयोग शून्य. मग मावशींनी, म्हणजे मंगेशच्या आईनं, जुन्या लुगड्यांच्या गोधड्या काढून दिल्या. त्या टांगल्या तेव्हा कुठे खोली घुमायची थांबली. खिडकीवर दुहेरी प्लायवुड ठोकलं. दाराला गादी, फटीत रबर. मंगेश म्हणाला, "नित्या, आता बाहेर बोटीचं इंजिन लावलं तरी आत कळणार नाही." आम्ही खूश. आतलं बाहेर कळणार नाही, हा विचार कुणी केला?

दारावर लाल बल्ब लावला. तो चालू असला की दार उघडायचं नाही. एकदा मावशी चहा घेऊन आत आल्या आणि छान जमलेला टेक गेला. मी ओरडलो त्यांच्यावर. माझ्या आईच्या वयाची बाई. मंगेश म्हणत होता, "जाऊ दे ना यार." मी नाही जाऊ दिलं. म्हटलं, "मावशी, घराला आग लागली तरी बल्ब विझेपर्यंत थांबायचं."

त्या दुपारी मी नव्हतो. तो एकटाच आत रेकॉर्ड करत होता. छातीत कळ आली आणि खुर्चीवरून पडला. हाक मारली असेल का? मारलीच असेल. मावशी दाराबाहेर कोळंबी सोलत बसल्या होत्या. दोन तास. डॉक्टरांनी विचारलं, इतका उशीर का केलात? त्या म्हणाल्या, "लाल होता."

आता इथे कुजबुज चाललीय. आई घरात होती आणि तिला कळलं नाही म्हणे. लाज वाटू द्या. बोट दाखवायचं तर माझ्याकडे दाखवा. मावशी, नियम माझा होता. तुम्ही फक्त पाळलात. माफी कुठल्या तोंडानं मागू?

मंगेश, चुकलो रे मी.

उभे राहूया सगळे, दोन मिनिटं. मावशींना रडू द्या. त्यांना कुणी गप्प करू नका.