साहेब आला का लपायचं

करडीच्या सरजाबाई सांगत गेल्या, तसं लिहीत गेले.

माह्या मायचं गाव वैनगंगेच्या काठी, बाप लोकाइच्या बांधीत धानाचा रोवना, म्हंजे लावनी, करे, मायबी करे, मीबी केला. काय सांगू तुमाले ताई, भेव तं माह्या पाचवीलेच पुजलं होतं. इज चमकली का मी मायच्या लुगड्यात, कुत्रं भुकलं का मी मायच्या लुगड्यात, अन् माय म्हने का या पोट्टीले सासरी कोन नांदवन. पन नांदवलं बाप्पा. करडीले लगीन झालं, मानूस शांत भेटला. तो तुमसरले राइस मिलीत हमाल होता, म्हनून आमी मिलीच्या मागंच एक खोली घेतली. संगं माह्यी नणंद होती, कौसा. तिले तिच्या नवऱ्यानं टाकून देल्लं होतं. माह्यापेक्षा लहान, पन धीट अशी का मिलीच्या दिवानजीलेबी, म्हंजे मुनीमालेबी, तोंडावर बोले. मी भेवाडी, ते धीट, अशी आमची जोडी.

हे आणीबाणी उठल्यावरची गोष्ट होय. आमी दोघीबी त्याच मिलीत लागलो. काम काय, तं धान झाडायचं, कोंडा भरायचा, अन् मशीनखाली एक खड्डा होता त्यात उतरून सांडलेलं धान वरतं काढायचं. त्या खड्ड्यातून शाफ्ट जाये, म्हंजे लोखंडाचा लांब दांडा, अन् त्याच्यावर पट्टा, हा एवढा रुंद. मील चालू असली का तो दांडा तुमच्या कानाजवर फिरून राहिला असे. मील बंद करून धान काढावं तं मालकाचा खोळंबा होये, म्हनून चालूतच उतरायचं, पदर खोसून, अंग चोरून. मी उतरली का देवाचं नाव घेओ. रात्री झोपेतबी तो पट्टा मले दिसे. कौसा हासे, म्हने वयनी, तो काय तुले बोलावून राहिला काय.

अन् कायदा होता बरं ताई, नाई असं नाई. चालू मशीनखाली बाईमानसानं जायचं नाई, पट्ट्याले जाळी पायजे, असा कायदा. जाळी होतीबी. लोखंडाची, चांगली, भितीले टेकवून ठेवली राहे. काहून का पट्टा घसरला का इंजनवाला महादूभाऊ त्याच्यावर राळ फेके, चिकटून बसावा म्हनून, अन् जाळी लावली तं राळ कशी फेकन? म्हनून जाळी भितीले, अन् पट्टा उघडा. मले तं वाटे जाळीलेच पट्ट्याचं भेव वाटते का काय.

हा कायदा पाळते का नाई ते पाहाले सरकारचा साहेब येनार असला का समदं बदले. टेसनावरूनच कोनीतरी सांगावा आने, का मालक मील बंद करे, खड्ड्यावर जाळी लावे, नटबोल्ट कसे, अन् आमाले बायाइले धानाच्या गोडाऊनमंदी घाले अन् बाहेरून कडी. आमचं नाव हजेरीच्या बुकात कोठंच लागलं नोतं ना, आमी मिलीत होतो अन् नोतोबी. कडीजवर माह्याच मानसाले बसवत, का बाया गलबल करतीन तं चूप कर. साहेब बंद मील पाहे, जाळी पाहे, चहा पिये, चालला जाये. दरवर्सी असंच.

पन कौसाले गोडाऊन सोसे नाई. पोत्याची धूळ छातीत जाये, तिचा जीव घाबरा होये, एकडाव तं डोळेच पांढरे केले तिनं. मंग तिनं आपली जागा शोधली. साहेब येते त्या दिवशी मील बंदच राहते ना, मंग खड्डाच बरा, थंडा, वरून जाळी, कोन पाह्यते. जाळी लागाच्या आंधीच ते आत सरके. मले तेवढं ठाऊक, दुसऱ्या कोनाले नाई. मी म्हनो, कौसा नोको वो, ते म्हने, वयनी बंद मील काय चावते.

त्या वर्सी साहेब नवीन आला. आमी गोडाऊनमंदी अंधारात पोत्याले टेकून बसलो, अन् बाहेरून त्याचा आवाज आला, का बंद मशीनची जाळी पाहून मी काय करू, चालू करून दाखवा.

ताई, कौसा तं खड्ड्यात होती. मी उठली अन् दार बडवलं. बायाइनं माह्यं तोंड दाबलं, चूप राह्य, कामावरून काढतीन समद्याइले. मी चावली वो एकीच्या हाताले. तवरोक इंजन सुरू झालं, भिती हालाले लागल्या. मी कडीच्या फटीले तोंड लावून माह्या मानसाले म्हनलं, अवो कौसा खड्ड्यात हाये, कौसा खड्ड्यात हाये! त्याले आंधी उमजलंच नाई. मंग असा उठला का एका झटक्यात कडी काढली. त्याची सख्खी बहीन ना.

आमी धावलो. मी हात हालवून महादूभाऊले दाखवलं, खाली, खाली, अन् त्यानं काठीनं पट्टा उतरवला. मील थांबली. जाळीचे नट निघता निघत नोते, मी जमिनीवर पडून हाका मारो, कौसा, वो कौसा, अन् खालून काहीच नाई. तसं भेव मले मायच्या मौतीलेबी नाई वाटलं. बऱ्याच वेळानं आलं, वयनी. बारीकसं.

काढलं तिले तं अंगावर लुगडं नाई. समदं लुगडं दांड्यानं गुंडाळून घेतलं होतं, तिनं कंबरेची गाठ सोडली अन् भितीले चिपकून बसली म्हनून वाचली. एका हाताची कातडी कोपरापासून सोलली होती. माह्या मानसानं रिकामं पोतं तिच्या अंगावर टाकलं अन् तोंड फिरवून लहान पोरावानी रडला.

साहेबानं इचारलं, ही बाई कोन? मालक म्हने, पागल हाये साहेब, भटकत येते, आमची नोय. साहेबानं कौसाले इचारलं. ते धीट कौसा, तिच्या तोंडातून शब्द निंगे नाई, माह्याकडे पाह्यत होती. दिवानजीबी माह्याकडेच पाह्यत होता. काम जाईन, मानसाचं जाईन, खोली जाईन, समदं माह्या डोळ्यापुढून गेलं. मी थरथर कापून राहिली होती, अन् कापता कापताच बोलली. म्हनलं साहेब, पागल नोय, माह्यी नणंद होय, आमी येथंच काम करतो, अन् आनखी बाया गोडाऊनमंदी हायेत, जाऊन पाहा.

मंग काय, मालकावर केस झाली. जाळी अशी बसवली का निंगे नाई, महादूभाऊले राळ दुरून फेकाले लंबा डंडा देल्ला. खड्ड्यात बाई उतरवनं बंद झालं. अन् आमचं समद्या बायाइचं कामबी बंद झालं, माह्या मानसाचंबी. ज्या बाया संगं बसून भाकर खात, त्यातली एक मले बजारात म्हने, पट्ट्यानं एकीले खाल्लं असतं, तू तं समद्याइले खाल्लं. ते बोलनं अजून लागते मले. खोटं नोतं ना तिचं.

आमी करडीले वापस आलो, रोवना केला, पोट भरलं. कौसा माह्याजवरच हाये, हात वाकडा झाला तिचा. भेव माह्यं गेलं नाई ताई, आता जाईनबी नाई, त्याच्यासंगंच मरन मी. पन तुमी लिहून राहिल्या तं एवढं लिहा. कोनाची लेकबाई मिलीत कामाले जात असन, तिले कोनी लप म्हनलं तं लपू नोको म्हना. साहेबाले दिसन अशी उभी राह्य माय, अन् जित्ती राह्य.