भाषा आपोआप येते, म्हणे!

आणि वर मलाच विचारतात, "तुम्हाला कुणी सांगितलं होतं तोंड उघडायला?" अहो, उघडू नको तर काय करू? अख्खं वर्ष टीव्हीसमोर डोळे फोडून घेतले, कान किटवले, ते काय सूनबाई दारात आल्यावर खांबासारखा उभा राहायला? तुम्हाला सांगतो, माणसानं म्हातारपणी दात बदलावेत, गुडघे बदलावेत, पण भाषा शिकायच्या भानगडीत पडू नये! आणि पडलाच, तर शेजाऱ्याला विचारून मुळीच नाही!

शेजारी म्हणजे आमचा ज्ञानकोश. हे त्याचं नाव नव्हे, व्याधी आहे. तुम्ही शिंकलात तर तो तुम्हाला शिंकेचा इतिहास सांगतो. पण ते नंतर... आधी मूळ दुखणं ऐका. मुलगा परदेशात. बायको तिथलीच केली त्यानं. नात झाली, ती आता चुरूचुरू बोलायला लागली, आणि इतक्या वर्षांत आमची ओळख काय ती फोनवर, दर रविवारी. फोन कुणाच्या हातात? आमच्या हिच्या. मी कुठे? हिच्या पाठीमागे. पडद्यावर माझा एक कान आणि अर्धी भुवई. मी मागून नुसतं "काय गं बाळा" म्हणायचा अवकाश, की ही मान न वळवता, "अहो, गप्प बसा!" की बसलो. लग्न झाल्यापासून बसतोच आहे.

माझी इच्छा काय, तर त्या पोरीनं एकदा मला आजोबा म्हणावं. बास! बंगला मागितला नाही मी. तर मुलगा म्हणतो, "बाबा, आम्ही येतोय खरे, पण दोघींना इंग्रजीच कळतं. तुम्ही बोललात तर पोरगी जवळ येईल, नाहीतर ओळखायचीसुद्धा नाही." आता मी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस. माझं इंग्रजी किती? अप, डाउन आणि ओव्हरलोड!

म्हणून गेलो ज्ञानकोशाकडे. तो डोळे मिटून म्हणाला, "व्याकरण जाळा. सकाळी राजकारणाच्या इंग्रजी बातम्या, संध्याकाळी त्याच राजकारणावरची कॉमेडी. रोजचे शब्द असे कानात मुरतात... भाषा आपोआप येते!"

आपोआप येते, म्हणे! पित्त येतं आपोआप!

पण बसलो हो मी, इमानेइतबारे! सकाळी सहा माणसं सहा खिडक्यांत बसून एकमेकांच्या अंगावर ओरडायची. मी त्यांच्यामागून ओरडायचो. शेम! रिझाइन! हू इज रिस्पॉन्सिबल? संध्याकाळी एक सुटातला इसम यायचा, सकाळच्या एकेका पुढाऱ्याचा फोटो दाखवायचा, त्याच्या टकलावर बोलायचा, पोटावर बोलायचा, मग थांबायचा, आणि लोक हसून हसून खुर्चीतून खाली! ही स्वयंपाकघरातून म्हणायची, "आधी मराठीत तरी धड बोला." पण मला वाटलं, आपल्याला गुरुकिल्ली सापडली. म्हणजे कसं, माणूस भेटला की आधी त्याच्या शरीरावर काहीतरी बोलायचं, मग थांबायचं, मग सगळे आपले मित्र!

विमानतळावर मित्रच केले मी. मुलगा गाडी ढकलत आला, कपाळ पार मागपर्यंत गेलेलं. मी हात पसरून मोठ्यांदा, "लेडीज अँड जंटलमेन, लुक ॲट दॅट हेड!" आणि थांबलो. हशा येईल म्हणून थांबलो. अहो, आला की! गर्दीतल्या सगळ्या अनोळखी माणसांना आला. फक्त माझ्या मुलाला नाही आला.

तरी म्हटलं, घरी सावरू. जेवायला बसलो. सूनबाईनं प्रवासातून आल्या आल्या, बिचारीनं, स्वतःच्या हातानं सूप केलेलं. अळणी! मला विचारते, "डू यू लाइक इट?" आता मला फक्त मीठ मागायचं होतं. मीठ! पण मिठाला काय म्हणतात? अहो, वर्षभरात एकाही पुढाऱ्याला मीठ लागलं नाही हो! चमचा लागला नाही, टॉवेल लागला नाही, कुणी कुणाला "थोडं घे" म्हटलं नाही! मी सगळं डोकं धुंडाळलं, हाताला लागलं ते बाहेर काढलं, "दॅट इज नॉट द क्वेश्चन! व्हॉट आर यू हायडिंग?"

सूनबाई सुपाकडे बघते, मग माझ्याकडे बघते. ओठ असे थरथरायला लागले तिचे. तेवढ्यात नातीच्या हातून दुधाचा पेला कलंडला. म्हटलं, हीच संधी, आता गोड बोलून पोरीला जवळ घ्यावी. वाकलो, हसलो, आणि तोंडातून काय गेलं? "हू इज रिस्पॉन्सिबल? रिझाइन!"

तीन वर्षांच्या पोरीकडे राजीनामा मागितला मी!

तिनं जे भोकाड पसरलं... सूनबाई तिला उचलून आत. मुलगा म्हणतो, "बाबा, पुरे." ही म्हणते, "हौस फिटली? आता त्या दोघी आहेत तोवर चकार शब्द काढायचा नाही!" आणि भिंतीपलीकडे तो मेला ज्ञानकोश शिट्टी वाजवतोय. खोटं नाही सांगत, ताट तसंच सारलं. एवढीशी पोर, मला बघितलं की आईच्या मागं लपायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसलो होतो खिडकीशी, तोंडाला कुलूप. सूनबाई आली. हातात चहा, चेहऱ्यावर इतकं गोड हसू की मला भरून आलं. म्हटलं, माफ केलं पोरीनं. कप पुढे केला आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "घ्या, ढोसा एकदाचा."

मी कप घेतला. पुढे तेच हसू, तोच लाघवी आवाज, "पाय उचला. जन्म गेला नुसता बसून."

अहो, उच्चार काय! हेल काय! डिट्टो आमची ही! मुलाच्या हातून ब्रश पडला, त्यालाही पत्ता नव्हता. ती लाजून इंग्रजीत सांगायला लागली, त्यानं मला मराठीत सांगितलं. सासऱ्याशी त्याच्या भाषेत बोलता यावं म्हणून ती दर रविवारी फोनवर कान देऊन शिकत होती. सासूबाई सासऱ्यांशी जसं बोलतात ना, तेच पाठ केलं. तेच प्रेमाचं बोलणं असणार, असं वाटलं बिचारीला! आमची ही डोळे पुसत म्हणाली, "किती गोड बोलते हो पोर!"

म्हणजे बघा, मी इंग्रजी शिकलो भांडणाऱ्यांकडून, तिनं मराठी उचललं हिच्याकडून, आणि दोन्हीकडून शिव्या खाल्ल्या कुणी? आपोआप येते, म्हणे!

मग मात्र मी शब्द नाही, नुसते हात वापरले. पोरीला लाकडाची लिफ्ट करून दिली, दोरी ओढली की वर, सोडली की खाली. अप, डाउन! बाहुल्या जास्त झाल्या की ओव्हरलोड! खिदळायची हो... शेवटी माझंच इंग्रजी कामाला आलं. जायच्या दिवशी विमानतळावर आईच्या कडेवरून माझ्याकडे झेपावली, गळ्यात दोन्ही हात टाकले. मी डोळे मिटले. म्हटलं, आता म्हणणार. आजीला 'आजी' म्हणून झालं होतं, आता माझीच पाळी. तिनं माझ्या गालाला गाल लावला आणि केवढ्या मायेनं म्हणाली,

"बाय बाय, गप्प बसा!"

नाव हो! पोरीला ते माझं नाव वाटतं! जन्मल्यापासून दर रविवारी आजी त्या कानाला आणि भुवईला दुसऱ्या कुठल्या नावानं हाक मारते सांगा?

आता रविवारी इकडे ही "अहो, गप्प बसा!" म्हणून खेकसली की तिकडे पोरगी टाळ्या पिटते. तिला वाटतं, आजीनं मला फोनवर बोलावलं. आणि मी काय करतो? कान जरासा पुढे सरकवतो, आणि म्हणतो, "ओ!"