स्टुडिओ टूमधली फितुरी

...नाही नाही, गुडघा दुखत होता ना माझ्या बायकोचा? मग त्याच गुडघ्यावर, एका पायावर, कोंबड्यासारखी उभी? आणि तीही शेजारच्या हॉलमध्ये, चिनी गोटात? तुम्हाला सांगतो, माणसाचं मन बदलतं, मान्य, कराटे नकोसं झालं, तेही मान्य, पण निदान सांगायचं तरी!

थांबा, पहिल्यापासून सांगतो. आम्ही इंग्लंडातल्या ब्रॅकनेलचे. म्हणजे मी पुण्याचा, कस्तुरी नागपूरची, पण बावीस वर्षं ब्रॅकनेल. मुलगी नॉटिंगहॅमला शिकायला गेली आणि घरात दोघंच उरलो, दोन खोल्यांत दोन लॅपटॉप, जेवताना विषय काय, तर उद्या कचऱ्याचा हिरवा बिन बाहेर ठेवायचा की निळा? तेव्हा मीच म्हटलं, कस्तुरी, आठवड्यातून एक तास आपला दोघांचा हवा. इथलं क्रीडा केंद्र आहे ना, लेझर सेंटर, तिथे गुरुवारी सात वाजता कराटे. हो म्हणाली! पांढरे कपडे घालून दोघं गाडीतून जायचो हो... लग्नाच्या दिवशीसुद्धा मी एवढा खूश नव्हतो.

आणि कराटे मला जे आवडलं म्हणून सांगू! अहो, जपान म्हणजे पुणंच! सगळं वेळेत, सरळ रेषेत. आत शिरताना वाका, बाहेर पडताना वाका, परीक्षा द्या, पट्टा घ्या. पांढरा, पिवळा, नारिंगी. कोणाचा किती अधिकार ते थेट कमरेवरच! आमचे सेन्सेई, म्हणजे गुरुजी, कॉलिन एरवी बॉयलर दुरुस्त करतात, पण हॉलमध्ये 'इची! नी! सान!' असे जपानी आकडे ओरडतात की पार्किंगमधल्या माणसाची पाठ ताठ व्हावी. नऊ महिन्यांत मी नारिंगी झालो, कस्तुरी पांढरीच राहिली. मग शिकवायला नको? 'कस्तुरी, कोपर आत. कस्तुरी, पाय! कस्तुरी, अगं पोटातून ओरड ना!' प्रेमानेच सांगत होतो.

मग एका गुरुवारी, 'शशी, गुडघा दुखतोय रे, तू जा, मी खाली कॅफेत बसते.' बस. पुढच्या गुरुवारी, गुडघा. त्याच्या पुढच्या, गुडघा. मी शेक दिला, गोळ्या आणल्या, जीपीची, म्हणजे इथल्या सरकारी डॉक्टरची, अपॉइंटमेंट मिळवली... जीपीची! इथे राहणाऱ्यांना कळेल मी काय केलं ते! आणि त्या दिवशी सेन्सेई म्हणाले, 'फाइंड अ पार्टनर', सगळ्यांना मिळाला, मी एकटाच उरलो. म्हणून पाणी प्यायला बाहेर आलो, स्टुडिओ टूच्या दाराला ती उभी काच आहे ना, तिच्यातून सहज पाहिलं... आत बासरी वाजतेय, दहा-बारा माणसं ताय ची, ती संथ चिनी कसरत, करतायत, आणि मधोमध, एका पायावर, माझी बायको! अहो, हसत होती! आमच्या हॉलमध्ये नऊ महिन्यांत एकदा हसली असेल तर शपथ. निदान सांगायचं तरी!

गाडीत विचारलं. मग जी चिडली... आणि चिडली की तिचं नागपूर बाहेर येतं. 'हो, जाते मी! महिना झाला! तिथं पट्टा नाही, परीक्षा नाही, अन् शिकवणाऱ्या मिसेस लाऊ कोणावर ओरडत नाहीत. मी डिशवॉशर लावला की तू बशा बदलून राहिला, मी भाजी टाकली की तू गॅस कमी करून राहिला, अन् एक तास बाहेर जावं, तर तिथंही पट्टा बांधून मलाच शिकवून राहिला!'

मी म्हटलं, 'अगं, पण तो आपला तास होता.'

'तुझा होता, शशी. मी नुसती उभी होते.'

लागलं हो. कॉलिनची लाथ बरगडीत बसली तेव्हाही इतकं लागलं नव्हतं. खरं असेल तिचं... पण तरी, निदान सांगायचं तरी!

पुढच्या गुरुवारी मी गेलो. कराटेला नाही, स्टुडिओ टूला. दुसरं काय करणार? आणि चिनी प्रकार म्हणजे, तुम्हाला सांगतो, अगदी नागपूर! घाई नाही, सगळं गोल गोल, हात इथून निघतो तो पाव्हण्यासारखा चार घरं करत तिथे पोचतो, आणि शेवटी सगळ्यांना चहा! कराटेत गुद्दा आला की अडवायचा. इथे म्हणे येऊ द्यायचा आणि आपण बाजूला व्हायचं. म्हणजे वाद घालायचाच नाही! पुण्याच्या माणसाने!

मी आपला सवयीने पट्टा बांधून गेलेलो. मिसेस लाऊ हाँगकाँगच्या, सत्तरीच्या, माझ्या खांद्याएवढ्याही नाहीत, त्यांनी पट्ट्याकडे पाहिलं, गोड हसल्या, 'व्हेरी नाइस. यू कॅन हँग इट ओव्हर देअर.' रेनकोटांशेजारी! मग समजावलं की आमच्यात पट्टे नसतात, नाती असतात, हे एक कुटुंब, जो आधी आला तो मोठा, वय बघायचं नाही. कस्तुरी तुमच्या आधी आली. 'सो शी इज युअर एल्डर सिस्टर. यू लिसन टू हर.'

मोठी बहीण! चोवीस वर्षांचा संसार, पदरात एक मुलगी, आणि चारचौघांत बायको माझी मोठी बहीण! मी कस्तुरीकडे पाहिलं, म्हटलं आता तरी ही काही बोलेल... ती खुशाल मान डोलावतेय!

तर आता दर गुरुवारी सात ते आठ मी माझ्या बायकोचा धाकटा भाऊ असतो. हात चुकला की ती येते, मनगट अलगद धरते, म्हणते, 'असं नाही रे, हळू... हं, जमतंय बघ तुला.' आणि तक्रार तरी कुठल्या तोंडाने करू? नवरा म्हणून चोवीस वर्षं काढली हो, इतक्या मायेने एकदाही बोलली नव्हती.