वाघजाळीच्या घळीतली कुत्री

ऐका. दिवस अगदी साधा होता. तानीनं सकाळी अंगण सारवलं, नाचणी वाळत टाकली, कोंबड्या हाकलल्या, दुपारी कुळथाची पिठी केली आणि भावाची वाट बघत ओटीवर बसली. भाऊ म्हणजे नारबा. आपल्या करपेवाडीत त्याच्यासारखा शिकारी झाला नाही. आधी नाही, नंतर नाही. तानी त्याची धाकटी बहीण. लग्नाला वर्ष होतं न होतं तोच नवरा गेला, ती भावाकडे आली ती कायमची. नारबाची बायको तापानं गेलेली, लेक खाडीपलीकडे दिलेली. घरात ही दोघं भावंडं आणि चार कुत्री.

आता कुत्री कसली, तेही ऐका. दिसायला काही नाही. बाजारात नेली असती तर कुणी चहा पाजला नसता. झिपरी नावाची कुत्री म्होरकी, तिचे दोन पोरगे पाखऱ्या आणि लांडा, आणि म्हातारा मोऱ्या, मागच्या एका पायानं अधू. पण रानात सुटली की ती वेगळीच कुत्री. डुक्कर उठलं की ती त्याला चावायला जात नसत. चावायला जातं ते कुत्रं फार जगत नाही. ती डुकराला अडवत. एक समोर, एक मागे, दोन बगलेला. ते वळलं की मागचं भुंकणार, मागे फिरलं की समोरचं. असं घोळवून घोळवून त्याला एखाद्या दगडापाशी उभं करायचं आणि धनी येईपर्यंत हलू द्यायचं नाही. धनी आला, त्यानं बरची मारली, की काम झालं. नाहीच जमलं तर धन्यानं हाक मारायची, तेव्हाच ती मागे फिरणार. दुसऱ्या कुणाच्या हाकेला नाही. चार गावचे लोक नारबाकडे पिल्लं मागायला येत. नारबा पिल्लू द्यायचा, पण म्हणायचा, कुत्रं देतो, कान कुठून देऊ?

हे सगळं दिवसाचं. नीट ध्यानात घ्या. कुत्र्यांची शिकार दिवसाची. ऊन डोंगराच्या कडेला टेकलं की हातातलं डुक्करसुद्धा सोडायचं आणि कुत्र्यांना हाक मारून घरी यायचं, हा आपला जुना नेम. रात्री शेत राखायचं तर माळ्यावर बसून राखा, डबे वाजवा, शेकोटी करा. कुत्री बांधून. दिवसा डुक्कर मुसंडी मारतं ते कुत्र्याला दिसतं, ते बाजूला होतं. अंधारात, त्या करवंदीच्या जाळ्यांत, बाजूला व्हायचं कुठे? हे एक कारण. दुसरं कारण पुढे येतंय.

तर तानी ओटीवर बसलेली. उन्हं उतरली. आणि सदू गुरव एकटाच पाणंदीतून वर आला. हातात काठी नाही. त्यानं पाणी मागितलं. तानीनं तांब्या दिला. तो हातात धरून उभा राहिला, प्यायला नाही. तिथेच तिला कळलं. तो म्हणाला, मोठं डुक्कर होतं, जुनं, एकटं फिरणारं. वाघजाळीच्या घळीत कुत्र्यांनी अडवलं. नारबानं बरची मारली ती हाडावर बसली. डुक्कर फिरलं. सुळा मांडीत गेला, वरपर्यंत. चौघं त्याला घेऊन येतायत.

तानीनं विचारलं, "आणि कुत्री?"

सदूला ते विचित्र वाटलं. पुढे कित्येक दिवस तो गावात सांगत होता, भाऊ गेल्याचं सांगितलं तर बाई कुत्र्यांचं विचारते. पण तानीचं बरोबर होतं. चौघांनी नारबाला घोंगडीतून आणला, ओटीवर ठेवला, बायका जमल्या, दिवा लावला, खाडीपलीकडे लेकीला निरोप गेला. ती येणार सकाळी, म्हणजे उचलायचं सकाळी. आणि सगळं जरा शांत झालं तेव्हा लांबून, घळीतून, भुंकणं ऐकू आलं. एक थांबलं की दुसरं. दुसरं थांबलं की तिसरं.

कळलं का? कुत्री अजून डुकराला धरून होती. धनी गेल्याचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. माणसांनी घळीच्या तोंडाशी उभं राहून हाका मारल्या होत्या, पण ती कशाला ऐकतायत. धनी येईल, बरची मारील, नाहीतर हाक देईल. तोवर हलायचं नाही.

तानी भावाच्या उशाशी बसली होती. ती उठली आणि कंदिलाची काच पुसायला लागली. गावकार भिकाजी म्हणाले, "तानी, उजाडू दे गो. आम्ही सगळे जातो."

"उजाडेपर्यंत एकही राहणार नाही, दादा."

मग बाप्यांची कुजबुज सुरू झाली. घळीत रात्री कोण जाणार? तिथे चकवा. आजवर तिथे रात्री गेलेला माणूस एकतर कड्याखाली सापडला, नाहीतर सकाळी आपल्याच पावलांवर गोल फिरताना. भिकाजींना दमा. एकाची बायको बाळंतीण. सदू म्हणाला, पाय मुरगळलाय. शिमग्यात सगळ्यांत उंच उडी ह्याचीच. तानीनं पदर कमरेला खोचला आणि म्हणाली, "सदूभाऊ, मी येईपर्यंत पायाला शेक द्या. उद्या खांदा द्यायचाय." रडणाऱ्या बायकासुद्धा पदराआड हसल्या. आणि ती निघाली. एकटी.

आता दुसरं कारण ऐका. नारबा तिला सांगायचा, दिवसा कुत्र्याला हाक मारावी, रात्री मारू नये. रात्री आवाज कुणाचाही असतो. तुम्ही हाक मारलीत की ती तिथल्या कुणीतरी ऐकली, आणि मग तीच हाक, तुमच्याच आवाजात, कुत्र्याला पलीकडून येते. रात्री कुत्र्याला न्यायचंच झालं तर जवळ जायचं आणि मानगूट धरायची. हात खोटा होत नाही. म्हणून तानीला घळीच्या तोंडाशी उभं राहून भागणार नव्हतं. तिला आत, पार त्या डुकरापर्यंत जायचं होतं.

ती चालली. शेतं संपली. शिवणीच्या झाडापाशी वाट फुटते, तुम्हाला माहीत आहे. तिथे आली आणि भुंकणं डावीकडून यायला लागलं. ती डावीकडे वळली. दहा पावलं गेली नाही तर उजवीकडून. उजवीकडे आली तर मागून, थेट घराकडून. जसं काही कुत्री अंगणात पोचली, परत जा. दुसरा कुणी असता तर सुटकेचा श्वास टाकून परत फिरला असता. तानी खाली बसली. कंदील मांडीआड धरला. डोळे मिटले आणि ऐकत राहिली.

रोज त्या कुत्र्यांना वाढणारी बाई ती. तिला काय कळलं, ऐका. भुंकताना कुत्रं दम घेतं. दिवसभर भुंकलेलं कुत्रं तर दोन भुंकण्यांत धापतं, लाळ गिळतं. घराकडून येणाऱ्या भुंकण्यात धापच नव्हती. नुसतं भुंकणं, सलग, पोकळ. तिनं कान लावला तेव्हा सगळ्यांत हळू, सगळ्यांत लांब, खालच्या अंगाला एक घोगरा आवाज होता. तो मध्येच तुटत होता. तो मोऱ्या. ती उठली आणि तिकडे चालू लागली. आणि बाकीचं सगळं भुंकणं एकदम बंद.

पुढे घळीत उतरली. थोड्या वेळानं तिच्या उजेडात एक कुत्रं चालायला लागलं. तिच्या डाव्या बाजूला, कंदिलाच्या जरा पुढे. झिपरीसारखं झिपरं. तिचा हात आपोआप पुढे झाला. पण उजेड त्याच्या तोंडावर पडला आणि डोळे चमकले नाहीत. कुत्र्याचे डोळे उजेडात चमकतात, मांजराचे चमकतात, बेडकाचेसुद्धा चमकतात. ह्याचे नाहीत. आणि दगडांवर नखांचा आवाज नाही. तानीनं हात मागे घेतला. ते उजवीकडे वळलं, थांबलं, मान वळवून बघू लागलं, ये म्हणून. उजवीकडे काय आहे? कडा. ती तशीच सरळ गेली. मागे वळून पाहिलं नाही. मग बराच वेळ तिच्या टाचेजवळ काहीतरी चालत होतं, आणि नंतर तेही थांबलं.

लाकूड जरा आत सरकवा. हां.

आता घळ अरुंद झाली. खरं भुंकणं समोरच, एका वळणापलीकडे. आणि वळणावर, दगडावर, नारबा बसलेला. जसा रोज शिकारीवरून येऊन ओटीवर बसायचा, एक पाय दुमडून, मुंडासं गुडघ्यावर. अंगावर रक्त नाही, काही नाही. चेहरा दमलेला. त्यानं मान वर केली.

"तानू, एवढ्या रात्रीची कशाला आलीस?"

तानू म्हणणारा दुसरा माणूस जगात उरला नव्हता. आई म्हणायची, ती गेली. नवरा म्हणायचा, तो गेला. तानीचे पाय जागच्या जागी थांबले. ती म्हणायची, तेवढ्या वेळेला मला भीती वाटली नाही, नुसतं खाली बसावंसं वाटलं. नारबा म्हणाला, बस. कुत्री येतील, मी बोलावतो. दमली असशील. मग जरा थांबून, अगदी हळू,

"जेवलीस का?"

ऐका, तुम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. अशा वेळी उत्तर द्यायचं नाही. एक शब्द दिला की माणूस त्याचं झालं. तानीलाही ठाऊक होतं. तिनं ओठ दाताखाली धरले आणि त्याच्या बाजूनं पुढे गेली. वाट इतकी अरुंद, की तिचं लुगडं त्याच्या गुडघ्याला घासलं असेल. तिनं खाली पाहिलं नाही.

वळणापलीकडे डुक्कर होतं. कपारीला पाठ लावून उभं, केस ताठ, खांद्यात बरचीचं मोडकं टोक. समोर झिपरी, दोन्ही बाजूंना तिचे पोरगे. मोऱ्याला उभं राहता येत नव्हतं. तो पोटावर बसून भुंकत होता. पण जागा सोडली नव्हती. दुपारी धन्यानं जिथे सोडलं, तिथेच.

तानीनं कंदील दगडावर ठेवला. वाकून गेली आणि झिपरीची मानगूट धरली. तोंडातून शब्द नाही. झिपरीनं दचकून दात विचकले, मग हात हुंगला. अंग एकदम सैल पडलं तिचं. आणि झिपरीचं लक्ष हटलं तेवढ्यात डुक्कर सुटलं. सरळ तानीवर. मोऱ्या बसल्या जागेवरून त्याच्या पायांत घुसला. डुक्कर अडखळलं, सुळा तिच्या मांडीऐवजी लुगड्यातून गेला, कंदील उडाला, काच फुटली, काळोख झाला. काटक्या मोडत ते घळीतून खाली गेलं. मग आवाज नाही. फक्त धापा. चार कुत्र्यांच्या आणि एका बाईच्या.

फाटलेल्या लुगड्याची पट्टी तिनं झिपरीच्या गळ्यात बांधली. मोऱ्याला चाचपला. बरगडीला जखम होती, पण जिवंत होता. त्याला खांद्यावर टाकला, पोरासारखा. पाखऱ्या आणि लांडा आईच्या मागे. झिपरी ओढील तशी ती चालत राहिली. दिवा नसताना झिपरीनं वाट सोडली नाही.

वळणावरचा दगड रिकामा होता. पण पुढे गेल्यावर मागून हाक आली. तानू. ती चालत राहिली. तानू, थांब. ती चालत राहिली. तिसऱ्यांदा तो तिला म्हणाला नाही, कुत्र्यांना म्हणाला. नारबा घरी यायच्या वेळी द्यायचा तीच हाक, तोंडाशी हात धरून दिलेली, लांब. तानीनं पट्टी मुठीत आवळली. तिला वाटलं, आता ही हिसडा देणार. झिपरी थांबली. मागे फिरली नाही. पण तिची शेपटी हलत होती. पट्टीतून तानीच्या हाताला ते कळत होतं. मग झिपरी पुन्हा चालायला लागली, घराकडे.

पहाटे चारही कुत्री अंगणात आली. बायकांनी वाट दिली. झिपरीनं नारबाचे पाय हुंगले, मग हात हुंगला, आणि ओटीखाली जाऊन बसली. तिच्या मागून पोरगे. मोऱ्याला तानीनं भावाच्या पायाशीच ठेवला. लेक आली, उजाडलं, मग उचलला. सदूनं खांदा दिला आणि पाय जरासुद्धा लंगडला नाही.

पुढचं तुम्ही ऐकून आहात. पुढच्या शिकारीला गावकारांनी कुत्र्यांच्या धन्याचा वाटा तानीच्या दारात आणून ठेवला. बाईच्या दारात तो वाटा कधी गेला नव्हता. त्यानंतर हात थकेपर्यंत करपेवाडीची कुत्री तिच्या हाकेवर सुटली आणि तिच्या हाकेवर फिरली. ती खिंडीत उभी राहून हाक द्यायची, तर पलीकडच्या गावातले लोक नांगर थांबवून बघायचे. ते मोठं डुक्करही तिच्याच कुत्र्यांनी अडवलं, पुढच्या हिवाळ्यात, भर उन्हात. खांद्यात बरचीचं टोक होतंच.

पण रात्री तिनं कुत्रं कधी सोडलं नाही. म्हणून सांगतो. तुमच्या डोक्याला बॅटऱ्या आल्या, ठीक आहे. माळ्यावर बसा. कुत्री बांधा. शिवणीच्या झाडाच्या पुढे, दिवस मावळल्यावर, पाऊल टाकू नका. ती आली, कारण ती तानी होती.

लोक म्हणतात, तो चकवाच. मीही तेच म्हणतो. तानी त्यावर काही बोलायची नाही. अगदी शेवटी, अंथरुणाला खिळली तेव्हा, मी तिला विचारलं, आत्ये, त्या रात्री सगळ्यांत कठीण काय गेलं? मला वाटलं, डुक्कर म्हणेल.

ती म्हणाली, "त्यानं जेवलीस का विचारलं. मी जेवले नव्हते रे. ते त्याला सांगायचं राहिलं."