साहेबांनी उचललेल्या खुर्च्या

साहेब लोकांनी स्वतःच्या हातानं खुर्च्या उचलल्या, हे मी ज्याले सांगितलं तो हसलाच. हसा तुम्हीपण. मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

नागपूरच्या अधिवेशनाले मी दर हिवाळ्यात रोजीवर पाणी द्यायले जायची. घरी एकटी; वर्षातले तेवढेच दिवस माणसांत जायचे. एका साली अधिवेशनाआधी विधानभवनातल्या मोठ्या अधिकाऱ्यांले नेतृत्व शिकवायले एक सर आले. म्हणाले, "नेता हुकूम सोडत नाही, आधी स्वतः उठतो. उचला आपापली खुर्ची, गोल करून बसा!"

उचलल्या बिचाऱ्यांनी. संध्याकाळी तशाच सोडल्या अन् त्यांच्यातल्या सगळ्यात मोठ्या साहेबांनी खोलीले कुलूप लावलं.

सकाळी तिथंच समितीची बैठक. अध्यक्षांची उंच पाठीची खुर्ची दाराजवळ, अन् त्यांच्या जागी एक डुगडुगती. अध्यक्ष कडाडले, "हे कोणी केलं?"

सगळे साहेब फायली चाळू लागले.

मी म्हटलं, "काहून चूप आहा, साहेब? काल तुम्हीच तं उचलून राहिले होते!"

मोठे साहेब म्हणाले, "बाई, शुद्धीवर आहात ना? आम्ही खुर्च्या उचलू?"

सारी खोली हसली. मोठ्या साहेबांनी पेन उघडलं. त्यांच्या वहीत नाव गेलं, की पुढच्या हिवाळ्यात बोलावणं नाही.

"नाव काय तुमचं?"

नऊ हिवाळे त्यांले कोमट पाणी नेऊन दिलं. नाव त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं.

म्हटलं, "नीट लिहा. अनसूया मेश्राम."