पंख्याकडं ध्यान

थांबा, थांबा साहेब—तिथंच उभं राहा, मशीनला हात लावू नका! नमस्कार-बिमस्कार राहू द्या, माझा एक हात आत हाय. व्हय, आतच. हे वर लोंबून राहिलं ना, सरकी पेंडीचे ठोकळे दाबायचं डोकं, दोन क्विंटलचं—त्याच्या खाली साच्यात माझं मनगट अडकलंय. दबलं न्हाई अजून. हातातलं कडं खाचेत गुतलंय नुसतं, पण ओढलं की वरचं कुरकुरतं. पळू नका! माणसं समदी लिंबाखाली जेवायला गेलीत, अन् मला मोठ्यानं हाक मारायचं भेव वाटून राहिलं—छाती हलली की हात हलतो. पहिलं ते भिंतीवरचं मशीनचं मेन स्विच पाडा. लाल मूठ. खाली. लाइट गेलीय म्हणून काय झालं, परत आली अन् मोटर आपसूक फिरली तर? पाडा. पडलं? बराबर पडलं? हां. देवा रे.

आता दाराजवळ बाभळीचे ओंडके हायेत, बघा, त्यातला ह्या डोक्याखाली टेकू म्हणून उभा बसंल असा एक आणा. लहान नको. तो न्हाई, त्याच्या मागचा. जड हाय व्हय, लोळवत आणा, तुमच्या कपड्याचं काय व्हायचं ते होऊ द्या. तुमीच ना ते मशीनचे रेल विकणारे—फोनवर म्हणले होते सेनगावला येऊन जातो म्हणून? बोला काहीतरी. न्हाई, राहू द्या, मीच बोलतो, मी गप्प बसलो की वरचा आवाज ऐकू येतो मला. तुमी मला विचारलं होतं ना फोनवर, ‘विश्वंभरभाऊ, डोकं वर-खाली सरकायला तुमी चौकोनी रेलच काहून घेतला?’ सांगतो. मी गोल दांड्यावर पितळी बुश चढवून बघितलं होतं आधी. धूळ सोसतं ते, बिचारं कुरकुर करत न्हाई, पण डोकं एवढं जड, दाब आला की दांडा वाकायचा अन् ठोकळा एका बाजूनं जाड निघायचा. मग चाकावर चालणारा बघितला—भुस्सा बाहेर फेकतो, झकास, पण एवढं वजन त्याला झेपंना. मग हा तुमचा चौकोनी, छर्ऱ्यांचा. काय चालला हो पहिल्या दिवशी! बटणाला बोट लावलं की डोकं सरकायचं. मी लेकरासारखा वर-खाली, वर-खाली करून राहिलो होतो. पण पेंडीचा भुस्सा पिठावाणी उडतो इथं, अन् छर्ऱ्याला धूळ म्हंजी—हळू! हळू, साहेब! डोक्याला लागू देऊ नका त्या ओंडक्याला. तिथंच टेका. दम घ्या. मीबी घेतो.

रेलवर लाल दिसून राहिलं का तुमाला? न्हाई हो, रक्त न्हाई. कुंकू हाय. खांडेनवमीला मशीनची पूजा केली आमी. आमच्या मायनं, नर्मदाबाईनं, दोन्ही रेलला पाच-पाच बोटं हळदीकुंकवाची ओढली, नारळ फोडला, वरून अक्षता टाकल्या मूठभर. चकचकीत दिसला, म्हंजी देव तोच असंल म्हणली. आता मायला काय सांगायचं, रेलला टाकू नको, बाजूच्या पत्र्यावर टाक? हसू आलं मला, बरंबी वाटलं. फडक्यानं पुसलं होतं वरवर. राहिला असंल एखादा दाणा, गेला असंल रेलवर सरकणाऱ्या त्या ब्लॉकमध्ये, भुस्सा अन् कुंकू मिळून लगदा झाला—अन् आज लाइट गेली तशी ही बाजू अडकली, ती बाजू उतरली, डोकं वाकडं झालं अन् तसंच धरून बसलं. कळलं का तुमाला? रेल साफ असता तर माझा हात आत्ता... नका बघू वर. सरकवा ओंडका. तुमचे हात खाली घालू नका, खबरदार—त्या काठीनं ढकला. आजून. आजून थोडा. फट राहिली? फळी टाका वरून. ती न्हाई, ती मऊ हाय, सागाची घ्या.

ब्रेक? ब्रेक काहून न्हाई, असं विचारून राहिले ना? तुमचा चेहराच विचारून राहिला. बराबर हाय. रेल काय, रेल वाट दाखवतो नुसती, धरून ठेवायला ब्रेकच लागतो, उभ्या मशीनला तर पहिलं ब्रेक. मला का ठाऊक नव्हतं? ठाऊक होतं. पण ब्रेकची मोटर दिवाळीनंतर येणार होती अन् मुहूर्त होता नवमीचा. पावणे आले होते, मांडव टाकला होता. म्हणलं चालू तर करू. मग लाइट जायची तवा डोकं धाडकन खाली यायचं. पण कोणाला लागलं न्हाई हो! एकदाबी न्हाई. त्याचा इलाज केला होता मी. तो वरचा पंखा दिसतो का? स्विच येगळं हाय, पण खांबावरनं येणारी लाइन दोघांची एकच. पंखा मंद झाला की हात काढायचा. शीतलला पहिल्याच दिवशी शिकवलं—ती बसती इथं, साचा भरायला, गोरेगावहून येती जीपनं—म्हणलं शीतल, हातानं पेंड भर अन् डोळ्यानं पंखा बघ. स्टूलबी तसंच ठेवलंय, जिथनं पंखा दिसतो. हुशार हाय बाई. लय चपळ...

काय बघून राहिले असं? चपळ हाय म्हणलं ना. सकाळी म्हणली, दादा, वरून कुरकुर येते, मला भेव वाटतंय. मी हसलो. म्हणलं, जा, जेवून ये, मी बघतो. अन् वाकलो इथं. माझी पाठ होती पंख्याकडं.

बसला ओंडका? घट्ट? काठी मारून बघा. पुन्हा मारा. मग ती ग्रीसची डबी द्या, माझ्या मनगटाला लावा—लावा हो, चांगली चोपडून लावा. कडं फिरतंय. फिरतंय... आई गं. आई गं! निघाला! बघा, पाची बोटं हायेत. एक, दोन... हायेत. अन्—अर्रर्र! मागं व्हा! ऐकलं? उतरलं. फळीवर बसलं. हात काढला, अन् लगेच उतरलं, साहेब. दम घ्यायचीबी वाट बघितली न्हाई.

पाणी नको. बसतो मी खाली. तुमी जा आता. कॅटलॉग? न्हाई, आज काही दाखवू नका, मला आज रेल बघवत न्हाई. जा म्हणतो ना. बघा, बाहेर ट्यूब लागली. आली लाइट. पंखाबी फिरला. मशीनचं मेन पडलेलंच हाय ना? खाली हाय, लाल मूठ खाली हाय. माणसं येऊन राहिली. ती बघा शीतल, पदराला हात पुसत. काही सांगू नका तिला. न्हाई, सांगा, तुमीच सांगा. बघा कशी येती—माझ्याकडं न्हाई, मशीनकडं न्हाई, आल्या आल्या वर पंख्याकडं बघून राहिली. शीतल. ए शीतल, बसू नको. ऊठ त्या स्टुलावरनं. हसू नको, ऊठ म्हणतो ना!