होडीला एलची पाटी

नाही, पण मला एक सांगा, होडीला कोणी एलची पाटी लावतं का? पांढऱ्या पत्र्यावर लालभडक एल, शिकाऊ गाडीला असते ती! होडीला! तळ्यात! तळ्यात मागून कोण येणार आहे हॉर्न वाजवत? बदक? पण लावली. माझ्या होडीच्या शेपटीला, सुतळीने, दोन गाठी मारून, दहा मुलांसमोर. लावली कोणी? माझ्या सख्ख्या बाबांनी. आणि मी काय करत होते? मी शेजारी उभी राहून लाइफ जॅकेटमध्ये तोंड खुपसत होते, पण ते जॅकेट इतकं फुगलेलं की त्यात हनुवटीसुद्धा जाईना…

थांबा, मुळापासून सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल हिचे बाबा वेडे आहेत. वेडे नाहीत हो. मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवतात. बावीस वर्षं! त्यांच्या गाडीत शिकणाऱ्याच्या पायाखाली ब्रेक असतो तसा बाबांच्या पायाखालीही एक असतो. म्हणजे शिकणारा चालवतो आणि बाबा थांबवतात. बावीस वर्षं हा माणूस दिवसाला आठ तास नुसता थांबवतोय! त्यामुळे झालंय काय, त्यांचा उजवा पाय स्वतंत्र झालाय. बसमध्ये बसले तरी दाबतात. सोफ्यावर बसून टीव्ही बघताना पडद्यावरची गाडी जोरात आली तरी दाबतात, आमच्या सतरंजीला तिथे भोक पडलंय. आई तर त्यांच्या गाडीत बसतच नाही. ती म्हणते, ‘मी आपली बसने येते, निदान तिथला ड्रायव्हर गाडी चालवतो तरी.’

तर शिबिर. दोन दिवस, तळ्यावर, होड्या वल्हवायच्या, तंबूत राहायचं. मी सहा महिने आधीपासून मागे लागले होते. का, ते ऐका. हे दोन दिवसांचं शिबिर म्हणजे नुसती चाळणी. यातून ज्यांना होडी वळवता येते अशा चौघांना, जोडीदारासकट, सुट्टीत नदीवरच्या मोठ्या सहलीला नेतात, पाच दिवस! रोज नवा किनारा! आणि वळवायची कोणी, तर मागे बसणाऱ्याने. दोघांची होडी असते, पुढचा नुसता जोर लावतो, मागचा वळवतो. मला मागे बसायचं होतं. मला आयुष्यात एकदा, फक्त एकदा, काहीतरी मी वळवायचं होतं! घरी मला सायकलसुद्धा आमच्या गल्लीच्या टोकापर्यंतच मिळते. टोकाला बाबा उभे असतात, हात वर करून.

माझी जोडीदार होती चिमणी. माझी मैत्रीण, बोलायची थांबत नाही म्हणून चिमणी. आदल्या दिवशी तिचा फोन. म्हणते, ‘ऐक मा, मवा माव्गुंड धावंय.’ मी म्हटलं काय? तिच्या आईने फोन घेतला, गालगुंड झालंय. दोन्ही बाजूंना! ज्या मुलीने आयुष्यभर गाल हलवले तिचे गालच गेले ऐन वेळी!

म्हटलं ठीक आहे, मिळेल कोणीतरी. बाबा मला तळ्यावर सोडायला आले. फक्त सोडायला, बरं का. इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं, दहा वाजता त्यांची शिकवणी. आणि तिथली ताई, म्हणजे होड्या शिकवणारी, उन्हाने रापलेली, शिट्टी गळ्यात, मोजकंच बोलणारी, तिने मुलं मोजली. अकरा. म्हणाली, ‘एक कमी. एकट्याने होडी नाही. कोणी मोठं थांबणार असेल तर ठीक, नाहीतर ही मुलगी घरी.’

घरी! मी बाबांकडे बघितलं. बाबांनी घड्याळ बघितलं. मग तळं बघितलं. मग माझ्याकडे… आणि मला ती नजर माहीत आहे हो. नवीन शिकणाऱ्याने पहिल्यांदा किल्ली फिरवली की बाबा तसं बघतात. त्यांनी फोन लावला, दोन दिवसांच्या शिकवण्या रद्द केल्या, बूट काढले, मोजे बुटात नीट घडी करून ठेवले, आणि डिकीतून काय आणलं? ती पाटी! ‘नियम म्हणजे नियम,’ म्हणाले. ‘शिकाऊ माणूस चालवतोय हे बाकीच्यांना कळायला नको?’

तुम्हाला सांगते, तिथे दोन जुळे भाऊ होते, ते वाळूत आडवे पडून हसत होते.

बसलो. मी मागे, बाबा पुढे. ताईने शिट्टी मारली, निघालो, आणि मी जरा जोरात वल्हं मारलं तर बाबांनी लगेच, पाय! उजवा! धप्पकन होडीच्या तळाला! मी म्हटलं, ‘बाबा, काय करताय?’ तर म्हणाले, ‘काही नाही, सवय.’ पुन्हा चार हात पुढे गेलो, समोर एक कमळाचं पान. धप्प! मी ओरडले, बाबा, होडीला ब्रेक नसतो! तर ते काय म्हणाले असतील? ‘आरसा बघा, मॅडम.’ मॅडम! मला! शिकवायला बसले की समोर कोणीही असो, त्यांच्या तोंडून मॅडम किंवा सर, त्याशिवाय शब्द नाही. आणि आरसा कुठला बघू? तळ्यात एकच आरसा, तो खाली, आणि त्यात मला माझंच रडवेलं तोंड दिसत होतं.

पायाने थांबेना म्हटल्यावर त्यांनी दुसरी युक्ती काढली. वल्हं! ते पाण्यात सरळ उभं खुपसायचं आणि घट्ट धरून बसायचं. आता शाळेत न गेलेल्या माणसालाही कळेल, एका बाजूला वल्हं खुपसलं की काय होतं. होडी फिरते! गरागरा! पिठाची गिरणी! बाकीच्या पाच होड्या बाणासारख्या चालल्यात आणि आमची आपली जागच्या जागी प्रदक्षिणा घालतेय, आणि दर फेरीला ती लाल पाटी किनाऱ्यावरच्या ताईला दर्शन देतेय. एल… पुन्हा एल… पुन्हा एल. सातव्या फेरीला ताईने शिट्टी तोंडातून काढली. म्हणाली, ‘काका, पुढच्याने वळवायचं नसतं.’ बाबा म्हणाले, मी वळवत नाहीये, मी थांबवतोय. ती म्हणाली, ‘तेही नसतं.’

संध्याकाळी तंबू. बाबांनी तिथेसुद्धा गाडीतून दोन प्लास्टिकचे शंकू आणले, मधलं अंतर पावलांनी मोजलं, आणि मला म्हणाले, आता हळूहळू मागे घ्या… तंबू! तंबू मी रिव्हर्समध्ये लावला! आमचा तंबू इतका सरळ होता की ताई येऊन बघून गेली. पण होडीबद्दल ती मला काय म्हणाली, सांगू? ‘उद्या सकाळी तळं ओलांडायचं. पलीकडे दोन बांबू रोवलेत, त्यांच्या मधून जायचं. जे जातील त्यांच्यातून चार निवडणार.’ मग जरा थांबून, ‘तुझा हात चांगला आहे गं. पण पुढे…’ आणि ती पुढे काही बोललीच नाही. त्या ‘पुढे’चं पुढे मी सगळं ओळखलं. पुढे माझे बाबा होते.

मला इतका राग आला म्हणून सांगू! आणि रागाहून जास्त वाईट वाटलं, कारण बाबा तिकडे तंबूच्या दाराशी बसून माझे ओले बूट वर्तमानपत्राचे बोळे भरून वाळवत होते. आता अशा माणसाला काय बोलणार? बोलताच येत नाही. हीच तर त्यांची खरी दादागिरी!

सकाळ. तळं कसं, काचेसारखं. निघालो. मी आदल्या रात्री पाठ केलेलं वाक्य बोलले, ‘बाबा, आज एकदाही थांबवायचं नाही. शपथ.’ त्यांनी मान हलवली. आणि खरंच हो! अर्धं तळं! अर्धं तळं आम्ही सरळ गेलो! जुळ्यांना मागे टाकलं! मी वल्ह्याने जरासं ढकललं की होडीचं नाक डावीकडे, जरासं ओढलं की उजवीकडे. मी सांगते तसं ऐकत होती, अख्खी होडी, बाबांसकट! मला इतकं भारी वाटत होतं की मी मोठ्याने हसत होते, एकटीच, आणि पक्षी उडत होते.

आणि वारा आला.

तुम्ही कधी तळ्याच्या मध्यावर वारा बघितलाय? आधी पाणी काळं होतं, लांबून, कोणी चादर ओढावी तसं. मग लाटा. छोट्याच, पण बाजूने. होडी डुलायला लागली. आणि बाबांनी, शपथ वगैरे सगळं गेलं उडत, दोन्ही पाय! धप्प! वल्हं खुपसलं पाण्यात आणि पाठ ताठ! आता ताईने आम्हाला दहादा सांगितलं होतं, थांबलेली होडी वळत नाही. चालती असेल तरच वळते. लाट आली की नाक लाटेकडे करायचं आणि वल्हवत राहायचं. थांबलात की आडवे, आणि आडवे की आत पाणी. पाणी आलंच! माझ्या मांडीवर! मी किंचाळले, ‘बाबा, थांबू नका! होडीला ब्रेक नसतो!’

तर बाबा… वळले नाहीत, काही नाही. अगदी हळू आवाजात म्हणाले, ‘मला तू दिसत नाहीयेस.’

मी म्हटलं, काय?

‘शिकणारा शेजारी असतो गं. त्याचे हात दिसतात, पाय दिसतात. मागे बसून कोणी कधी चालवलंच नाही. तू काय करतेयस, मला काही दिसत नाही.’

बावीस वर्षं! लोक ज्यांच्या भरवशावर रस्त्यावर उतरतात, ते माझे बाबा घाबरले होते. तुम्हाला खरं सांगते, माझा राग तिथेच, त्या पाण्यात, विरघळला. रडायला वेळ नव्हता म्हणून रडले नाही. आणि मग माझ्या तोंडून जो आवाज आला ना, तो माझा नव्हताच! लहानपणापासून मागच्या सीटवर बसून ऐकलेला तो आवाज, नवीन बाईंची गाडी चौकात बंद पडते, मागून सगळे हॉर्न मारतात, तेव्हाचा, लोण्यासारखा. मी म्हटलं, ‘सर.’

बाबांची पाठ हलली.

‘सर, घाबरायचं नाही. हॉर्न वाजवू देत त्यांना. तुमच्याकडे माझं लक्ष आहे. समोर बघा. वल्हं बाहेर काढा… छान. आता उजवीकडून एक. अजून एक. घाई नाही, सर. तळं कुठे पळून जात नाही.’

हे वाक्य त्यांचंच! ‘रस्ता कुठे पळून जात नाही’, दिवसातून पन्नासदा म्हणतात! आणि तुम्हाला सांगते, त्यांनी वल्हं काढलं. मारलं. पुन्हा मारलं. मी होडीचं नाक लाटेत घातलं, होडी वर, खाली, वर, खाली, पाणी तोंडावर, आणि बाबा प्रत्येक लाटेला मोठ्याने मोजतायत, एक… दोन… आणि मी मागून, छान सर, उत्तम सर, क्लच नको सर! घोट्यापर्यंत पाणी भरलेली होडी घेऊन आम्ही त्या दोन बांबूंच्या मधून गेलो! बांबूला धक्का नाही! पहिले नाही आलो, तिसरे आलो, पण मधून आलो! मी उडी मारली ती थेट चिखलात!

ताई आली. होडीतलं पाणी बघितलं, बांबू बघितले, मग माझ्याकडे बघून एकच शब्द. ‘मागे.’ बास! म्हणजे निवड! म्हणजे नदी! पाच दिवस! मी नाचले, जुळ्यांसमोर नाचले, चिमणीला फोन केला, ती ‘मवा मूप मानंद’ म्हणाली आणि मला सगळं कळलं.

आणि बाबा? बाबा गुपचूप होडीच्या मागे गेले. वाकले. भिजलेल्या सुतळीची गाठ सुटेना, तर दाताने सोडवली. पाटी काढली. मला तर भरूनच आलं हो… वाटलं, झालं, सुटले मी, माझ्या बाबांनी मला पास केलं.

मी फॉर्म भरायला गेले. तर तो आधीच भरलेला! बाबांच्या अक्षरात! मागे कोण बसणार, माझं नाव. पुढे कोण बसणार, त्यांचं नाव! अनुभव, तर ‘शिकाऊ’. मी म्हटलं, बाबा, आणि चिमणी? तर म्हणाले, ‘ती बिचारी गालगुंडातून उठतेय, अशक्तपणा असेल.’ आणि वळले. आणि बघते तर काय, ती पाटी त्यांच्या लाइफ जॅकेटच्या पाठीवर! सुतळीने! दोन गाठी मारून!

म्हणजे पाच दिवस, अख्खी नदी, माझ्या डोळ्यांसमोर एल! मी हात जोडले. म्हटलं या, पण ती पाटी तेवढी काढा. तर म्हणतात, ‘परीक्षा पास झाल्याशिवाय पाटी काढता येत नाही, मॅडम. नियम म्हणजे नियम.’

परीक्षा कोण घेणार? मी. आता सोपं आहे, दुसऱ्या दिवशीच पास करून टाकीन, असं आईला म्हटलं. आई नुसती हसली. म्हणाली, ‘कर की. पास झालेला माणूस दरवर्षी येणार. आणि नापास केलंस तर शिकायला पुन्हा येणार.’

होडीला ब्रेक नसतो हो… आणि हा माणूस आता थांबायचंच विसरलाय.